न दिसणारी धूळ

आमच्या कळसाडीच्या बाजूला मिरचीचा हंगाम आला, की नाकाला रुमाल लागतोच. पूड नाकात गेली की माणूस शिंकतो, दूर पळतो. ही धूळ इमानदार, आल्याची वर्दी देते! कोळसा खाणीतली सर्वांत घातक धूळ मात्र गुपचूप येते.

माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, चंद्रपूरकडे भुयारी खाणीत होते. म्हणत, "थुंकीत काळं दिसतं ना, म्हणजे बाहेर पडलं. मग भीती कसली?" हे निम्मे खरे. मोठे कण नाकाघशात अडकतात. पाच मायक्रॉनहून लहान, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यांच्याभोवती व्रण धरतो, फुप्फुस ताठर होते. याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही.

एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला दहा-बारा तास घेतो. म्हणजे पहिल्या पाळीने उडवलेली धूळ दुसऱ्या पाळीच्या श्वासात! म्हणून पंख्यांनी हवा खेळती ठेवावी लागते. पण खरा इलाज धूळ उडण्याआधीचा, आणि तो साधा आहे : पाणी. यंत्राचा दात कोळशाला भिडतो नेमका तिथेच फवारा हवा. पोकळ दांड्यातून पाणी सोडून भोके पाडावीत. सुरुंगानंतर ढीग भिजवूनच भरावा. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर वालुकाश्म आहे. छताला आधाराचे बोल्ट ठोकताना त्यातली सिलिका उडते, ती कोळशाहून वाईट. तिथे कोरडे ड्रिल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ.

भुयारात पांढरी दगडी भुकटीही पसरतात. ती स्फोट पसरू नये म्हणून. फुप्फुसाला तिचा आधार नाही. मास्क सर्वांत शेवटी. घामाने तो भिजतो, बोलताना खाली ओढला जातो, आणि माझ्यासारखी दाढी असेल तर नीट बसतही नाही.

धूळ किती, हे डोळ्यांनी ठरत नाही. कामगाराच्या नाकाजवळ पाळीभर यंत्र लावून ती मोजावी लागते. 1955 च्या खाण नियमांनी दर पाच वर्षांनी तरी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली होती. पण हा आजार नोकरी सुटल्यावरही डोके वर काढतो. खालूंचा छातीचा शेवटचा एक्स-रे नोकरीत असतानाचा. दम लागू लागला तो घरी परतल्यावर. गावात त्याला विडीचा दमा ठरवले गेले.

खालूंनी आयुष्यात विडी ओढली नव्हती.