लॅपटॉप चार वर्षे टिकावा म्हणून

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या संपल्या की शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी पालकांना घेऊन आपल्या जुन्या शिक्षकांकडे येतात. विचारणा एकच असते, ‘सर, कोणता लॅपटॉप घेऊ?’ पन्नास हजार रुपये ही अनेक घरांत पतपेढीचे कर्ज काढून उभी केलेली रक्कम असते. चार वर्षांत ती दुसऱ्यांदा उभी राहणार नसते. तेव्हा वेगापेक्षा टिकाऊपणाचा विचार आधी करायला हवा. दुकानातले माहितीपत्रक नेमके त्याबद्दलच गप्प असते.

लॅपटॉपमध्ये बिघडते काय, येथून सुरुवात करू. प्रोसेसर सहसा बिघडत नाही. माहिती साठवणारी एसएसडीही आपण समजतो तेवढी नाजूक नसते. विद्यार्थी रोज २० जीबी माहिती तिच्यावर लिहितो असे धरले, तरी चार वर्षांत सुमारे २९ टेराबाइट होतात. ५१२ जीबीच्या चांगल्या एसएसडीची हमी शंभराहून अधिक टेराबाइटची असते. झिजतात ते हलणारे, तापणारे आणि ज्यांत रासायनिक क्रिया चालते असे भाग : बिजागऱ्या, पंखा, चार्जरची पिन जिथे बसते ते सॉकेट, कळफलक आणि बॅटरी.

बिजागरीचेच उदाहरण घ्या. पडदा कोणत्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबतो, तो बिजागरीतल्या घर्षणामुळे. समजा पडद्याच्या झाकणाचे वस्तुमान ०.६ किलोग्रॅम आणि उंची २२ सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य मध्यावर मानला तर तो बिजागरीच्या आसापासून ११ सेंटिमीटरवर येईल. झाकण पूर्ण आडवे असताना वजनाचे आघूर्ण ०.६ × ९.८ × ०.११, म्हणजे जवळजवळ ०.६५ न्यूटन-मीटर होते. ते पेलणारे स्क्रू मात्र आसापासून जेमतेम २ सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्यांच्यावर सुमारे ३२ न्यूटन, म्हणजे सव्वातीन किलो वजन टांगल्याइतकी ओढ येते. घर्षणाला याहून थोडे अधिक आघूर्ण द्यावे लागते, नाहीतर पडदा कलंडेल. आणि उघडताना आपण त्या घर्षणाविरुद्धच जोर लावतो. दिवसाला दहा वेळा उघडझाप धरली तर चार वर्षांत १४,६०० वेळा हा ताण येतो.

स्वस्त यंत्रांत हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या बारीक पितळी नटांत बसवलेले असतात. वापराने बिजागरी घट्ट झाली की ओढ वाढते आणि एक दिवस नटाभोवतीचे प्लॅस्टिक तडकते. ‘बिजागरी तुटली’ असे आपण म्हणतो खरे, पण पोलादी बिजागरी बहुधा शाबूत असते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असेल तर बराचसा भार त्याच बाजूच्या बिजागरीवर पडतो. म्हणून झाकण मध्यभागी धरून उघडावे. दुकानात यंत्र हाती घेऊन पाहावे. कळफलकाच्या मध्यावर बोटाने दाबल्यास तो खाली दबतो का? यंत्र एका कोपऱ्याला धरून उचलल्यास कुरकुरते का? झाकण उघडताना खालच्या भागाची कड बिजागरीजवळ उचलली जाते का? तसे होत असेल तर ते यंत्र परत ठेवावे.

विक्रेता इथे ‘लष्करी दर्जा’ हे शब्द हमखास काढतो. ८१० क्रमांकाचे हे मानक मुळात अमेरिकी संरक्षण खात्याचे असून त्याची पहिली आवृत्ती १९६२ मधली आहे. त्यात उष्णता, धूळ, कंपन, आपटणे अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती दिल्या आहेत. त्यांपैकी कोणत्या घ्यायच्या हे उत्पादकच ठरवतो, आणि लष्कर त्याला कसलेही प्रमाणपत्र देत नाही. नुसत्या शिक्क्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता उष्णता. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने विभवांतराच्या वर्गाच्या आणि वारंवारितेच्या समप्रमाणात असते. वारंवारिता वाढवायची तर विभवांतरही वाढवावे लागते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवली तर १.१ चा घन १.३३, म्हणजे उष्णता एक तृतीयांशाने वाढते. पातळ यंत्रात ती बाहेर पडायला जागा नसते. मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. एकाच नावाचा प्रोसेसर जाड यंत्रात वेगवान आणि पातळ यंत्रात मंद का वाटतो, याचे हे कारण. सडपातळ यंत्राच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वसतिगृहात लॅपटॉप गादीवर ठेवून वापरतात, तेव्हा तळाची हवेची छिद्रे बुजतात. खाली एखादी पाटी ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

उष्णतेचा सर्वांत मोठा बळी म्हणजे बॅटरी. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा नियम आपण वर्गात सांगतोच. लिथियम-आयन घटात मुख्य क्रियेबरोबर काही नकोशा क्रियाही चालू असतात. त्यांत लिथियम अडकून पडते आणि क्षमता घटते. घट पूर्ण भारित असेल आणि तापलेला असेल, तर त्या सर्वांत जलद चालतात. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्याने म्हणूनच भारण ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय वापरावी. ती बऱ्याच यंत्रांत असते. साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. चार वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागेल असे धरून काही हजार रुपये बाजूला ठेवणे शहाणपणाचे. बॅटरीची तुलना वॉट-तासांत करावी : ५० वॉट-तासांची बॅटरी १० वॉटने वापरली तर पाच तास चालेल.

विषयशाखेनुसार गरज थोडी बदलते. यंत्र अभियांत्रिकीत लागणारे सॉलिडवर्क्स विंडोजवर चालते, हे ॲपलचे यंत्र घेण्याआधी ध्यानात घ्यावे. रॅम १६ जीबी असावी. पैसे कमी पडत असतील तर आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवता येते. अट एवढीच की रॅमसाठी मोकळा स्लॉट हवा. काही यंत्रांत सगळी रॅम मुख्य पट्टीवरच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद. हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. दुरुस्ती केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हेही विचारावे.

बजेट फारच तोकडे असेल तर कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडणारी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीची यंत्रे मी नव्या स्वस्त यंत्राच्या आधी पाहीन. त्यांची बांधणी भक्कम असते आणि सुटे भाग मिळतात. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, अपवाद फक्त लिनक्सवर काम करणाऱ्याचा. पैसे देण्यापूर्वी विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढायला सांगावे. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भारित क्षमता दोन्ही दिलेल्या असतात. दुसरीला पहिलीने भागले की बॅटरीचे उरलेले आयुष्य कळते. भागाकार ०.७ च्या खाली आला तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर खालची बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो, आणि ती धोकादायक असते. असे यंत्र चालू करून पाहण्याच्याही फंदात पडू नये.