उचलबांगडी ते औक्षण

शाळेला दांडी मारणाऱ्या पोराला आणायला पंतोजी चार दांडगी मुलं धाडत. दोघं हात धरत, दोघं पाय. ही उचलबांगडी. त्याआधी मुहूर्त बघून पाटीपूजन व्हायचं, वर्गाला खाऊ वाटला जायचा. पण ते कौतुक एका दिवसाचं. सुटताना रोज पाढ्यांचा गजर, आणि मग धूम.

साताऱ्याने एक वेगळाच पहिला दिवस पाहिला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. पटावर जागा मिळाली, वर्गात मात्र वेगळं, तरटावर बसावं लागलं. ही तारीख आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. पोराला आत घेतलं म्हणजे आपलंसं केलं असं नाही, हे ती दरवर्षी सांगते.

लहान मुलाला शाळेनंच सामोरं जावं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला करून दाखवलं. मूल बालवाडीत येत नाही ना, मग वाडीच त्याच्या अंगणात न्यायची! २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाचा झाला. कराड-वाळव्याकडच्या गावांत ती कधी समाजमंदिरात भरली, कधी देवळाच्या ओसरीवर. मदतनीस घरोघर हाका मारत मुलं गोळा करू लागली. एकेकाळी चौघांनी उचलून आणलेलं पोर आता तिच्या कडेवर बसून येऊ लागलं.

पहिलीच्या दारातही फरक पडला. जूनमधल्या प्रवेशोत्सवात तोरण, औक्षण, गुलाबाचं फूल, कुठे सजवलेली बैलगाडी. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे आले. कुंकवाच्या पाण्यात भिजलेली पावलं कोऱ्या कागदावर उमटू लागली.

या साऱ्यात निरोप मागेच राहिला. मूल खेळात रमलं की आई नजर चुकवून सटकते. ते वळून बघतं तर दार रिकामं! दुसऱ्या दिवशी ते पदर सोडत नाही, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. कधी मूलच निरोपाविना जातं. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांच्या तळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांतली काही मुलं जवळच्या अंगणवाडीत रुळतात, गाणी शिकतात. हंगाम संपून पट्टा पडला की टोळी गाडीत बसते. सकाळी हजेरीत एक नाव पुकारलं जातं आणि ‘हजर’ येत नाही. त्या मुलाला कुणी ओवाळलेलं नसतं, सोबत्यांनी हात हलवलेला नसतो.

खरं तर निरोपाला खर्च लागत नाही. आपल्याकडे उंबऱ्यावरून कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतं. तेवढं मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणावं, आणि दुपारी वेळेवर यावं.