रोजा पैशाने फेडता येत नाही

रमजानचा चंद्र दिसला की आमच्या कापडबाजारात दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक सहेरी, इफ्तार आणि तरावीहचा, दुसरा ईदच्या सीझनचा. मुस्लिम वस्तीतल्या कापड दुकानदाराची वर्षातली मोठी विक्री याच महिन्यात होते. म्हणून व्यापाऱ्याच्या रोजाची खरी पारख गल्ल्यावर होते, असे आम्ही समजतो.

हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, मदिना येथे रमजानचे रोजे फर्ज झाले. सूरह बकरामध्ये हा हुकूम आहे आणि त्याचा हेतूही तिथेच सांगितला आहे. माणसात तकवा यावा, अल्लाहची जाणीव राहावी, हा तो हेतू. प्रत्येक सज्ञान, शुद्धीवर असलेल्या मुसलमान स्त्री-पुरुषावर रोजा बंधनकारक आहे. आजारी माणसाला व मुसाफिराला सवलत आहे, पण सुटलेले रोजे नंतर कजा म्हणून पुरे करावे लागतात. ज्याला म्हातारपणामुळे किंवा बरा न होणाऱ्या आजारामुळे रोजा कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचे. हा फिदया. आपल्याकडे तो सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत असा धरतात.

इथे व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याला प्रत्येक जबाबदारी पैशाने उरकायची सवय असते. जकात मालातून निघते, फित्रा खिशातून निघतो. पण धडधाकट माणसाला फिदया देऊन रोजातून सुटता येत नाही. शंभर गरिबांना जेवू घातले तरी त्याचा एक रोजा माफ होत नाही. वीस मागांचा मालक आणि त्याच्या मागावरचा कारागीर, दोघांनाही हे देणे एकाच नाण्यात द्यावे लागते. ते नाणे म्हणजे स्वतःची भूक आणि तहान.

मागावरचा रोजेदार

नाणे एक असले तरी दोघांचा दिवस सारखा नसतो. मालक पंख्याखाली बसून रोजा धरतो. मालेगाव-भिवंडीचा कारागीर बारा तासांच्या पाळीत, उभ्याने, मागांच्या खडखडाटात आणि उडणाऱ्या तुसात रोजा धरतो. सायझिंगच्या वाफेजवळ काम करणाऱ्याची स्थिती त्याहून कठीण. २०१६ ते २०१९ या वर्षांत रमजान मे-जूनच्या उन्हात आला होता. त्या दिवसांत आपल्या भागात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा रोजा साडेचौदा तासांच्या पुढे जातो. हिवाळ्यात तो सव्वाबारा तासांवर येतो.

मग कष्टकऱ्याला सूट आहे काय? हा मसला बाजारात नेहमी विचारला जातो. हनफी असोत वा कोकणातले आपले शाफई बंधू, उलेमांचे म्हणणे साधारण एकच आहे. काम कष्टाचे आहे एवढ्या कारणाने रोजा आधीच सोडता येत नाही. नियत करून रोजा सुरू करावा. दिवसा जिवावर बेतेल किंवा प्रकृतीला मोठा अपाय होईल अशी वेळ आली, तर तो तोडता येतो आणि पुढे त्याची कजा ठेवावी लागते. आपापल्या प्रसंगाचा मसला आपल्या मुफ्तींना विचारावा, हे उत्तम. पण कारागिरावर ही वेळ येऊ नये याची अर्धी चावी मालकाच्या हातात असते, हे आम्हांला सांगायचे आहे.

आता मजुरीचा हिशेब पाहू. कारागिराची मजुरी मीटरवर असते. माग थांबला की मजुरी थांबली. समजा, बारा तासांत एक कारागीर ६०० रुपये कमावतो, म्हणजे तासाला ५० रुपये. इफ्तार, मगरिब, तरावीह आणि सहेरी यांत त्याचे अडीच तास गेले तर रोजचे १२५ रुपये बुडाले. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून महिन्याचे २६ दिवस धरू. एकूण ३,२५० रुपये कमी. आणि हे त्याच महिन्यात, जेव्हा घरात खजूर, फळे, मुलांचे कपडे, ईदचा शिरखुर्मा असा खर्च उभा असतो.

हा खड्डा तो कशाने भरतो? मालकाकडून उचल घेऊन. ईदच्या तोंडावर घेतलेली उचल वर्षभर मजुरीतून कापली जाते. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात चांगला दर मिळत असला तरी त्याला जाता येत नाही. लोक या उचलीला मालकाची मेहरबानी म्हणतात. आमच्या मते ते कर्ज आहे, आणि रोजेदाराच्या गरजेचा फायदा घेऊन दिलेले असेल तर त्यात बरकत शोधू नये.

मालकाला काय करता येईल?

पहिली गोष्ट, पाळीची वेळ बदलणे. फजरनंतर दुपारपर्यंत आणि पुन्हा तरावीहनंतर, अशी पाळी लावली तर उन्हाचे तास टळतात आणि उत्पादनही फारसे घटत नाही.

दुसरी, इफ्तारच्या वेळी बदली माणूस. भिवंडीत तेलुगू पद्मशाली, उत्तर भारतीय आणि मोमीन कारागीर एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच छपराखाली काम करतात. मगरिबच्या वेळी बिगरमुस्लिम सोबत्याने माग सांभाळावा आणि त्याच्या सणाला रोजेदाराने त्याची पाळी सांभाळावी. यात पैसा लागत नाही, फक्त मालकाने सुरुवात करून द्यावी लागते.

तिसरी, बुडालेल्या तासांचा काही भाग रमजान भत्ता म्हणून देणे. वरच्या हिशेबातले निम्मे म्हटले तरी एका कारागिरामागे १,६२५ रुपये होतात. सीझनच्या नफ्यापुढे ही रक्कम फार नाही. पण ती उचलीच्या वहीत लिहायची नाही.

चौथी, मजुरी वेळेवर. घाम वाळण्यापूर्वी मजुराची मजुरी द्या, अशा आशयाची हदीस आपण सर्वजण ऐकतो. ईदच्या आदल्या रात्री बारा वाजता हातात पैसे ठेवले तर त्या बिचाऱ्याने मुलांचे कपडे कुठून घ्यायचे? विसाव्या रोजापूर्वी हिशेब झाला तर बाजारालाही गिऱ्हाईक मिळते. आपण दिलेली मजुरी फिरून आपल्याच दुकानांत येते, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही.

जिभेचा आणि गजाचा रोजा

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे की, जो खोटे बोलणे व खोटे वागणे सोडत नाही त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही. बुखारी शरीफमधल्या या हदीसचा संबंध थेट आपल्या काउंटरशी आहे. दुपारी चारच्या सुमारास दुकानात गर्दी असते, घसा कोरडा असतो आणि गिऱ्हाईक घासाघीस करते. तेव्हा तोंडातून सहज निघते, “अल्लाह कसम, माझी खरेदीच एवढी आहे.”

कसमेचा कफ्फारा सूरह माइदामध्ये आहे. कसम घेऊन ती मोडली तर दहा गरिबांना जेवण द्यावे, किंवा त्यांना कपडे द्यावेत, किंवा गुलाम मुक्त करावा. यांतले काही शक्य नसेल तर तीन रोजे ठेवावेत. पण हे पुढे करण्याच्या गोष्टीची कसम मोडल्यास. खरेदीच्या किमतीबद्दल, म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल, जाणूनबुजून खोटी कसम घेतली तर हनफी उलेमांच्या मते कफ्फाऱ्यानेही ती धुतली जात नाही. तिथे तौबाच हवी. कसमेने माल खपतो पण बरकत पुसली जाते, असेही हदीसमध्ये आले आहे.

मापाचेही तसेच. कापड ताणून मोजले की मीटरमागे बोटभर वाचते. ताग्यातला डाग घडीच्या आत जातो. रंग जाणारे कापड ‘पक्का रंग’ म्हणून निघते. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते वर ठेवायला सांगितले, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल. आपणही डागी तागा वर ठेवावा, दोष सांगावा, भाव कमी करावा. घेणारा खुशीने घेतो.

चंद्राचे वर्ष, बाजाराचे वर्ष

चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००५ आणि २००६ मध्ये दिवाळी व ईद अवघ्या चार दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. २०२० मध्ये रमजान लॉकडाऊनमध्ये आला. तरावीह घरात झाली, दुकाने बंद राहिली, ईदचा माल गोदामात पडून राहिला. त्या वर्षी कळले की विक्री नसली तरी रोजा असतोच. २०२५ मध्ये तो २ मार्चला सुरू झाला. २०३० मध्ये तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरअखेरीस, सुरू होईल असे गणित सांगते. कापड घेताना हे गणित आपण चोख करतो. उन्हाळ्याला सुती, थंडीला जाड, असा माल आधी भरतो. कारागिराच्या पाळीचे आणि भत्त्याचे गणितही त्याच वेळी, शाबान महिन्यातच मांडून ठेवले तर ऐन वेळी तंटा होत नाही.

ईदच्या नमाजपूर्वी फित्रा देणे आवश्यक आहे, म्हणजे गरिबाचीही ईद व्हावी. आपल्याच कारखान्यातला माणूस फित्रा घेणाऱ्यांच्या रांगेत दिसला, तर मालकाने घरी येऊन मजुरीची वही पुन्हा एकदा तपासावी. अल्लाह आम्हां सर्वांना पोटाबरोबर गल्ल्याचाही रोजा ठेवण्याची तौफिक देवो. आमीन.