जुन्या ऑडिओ जॅकची सफाई

जुन्या ऑडिओ केबलमधून येणाऱ्या खरखरीचे मूळ बहुतेक वेळा तारेत नसून टोकाच्या जॅकमध्ये असते. गिटार आणि माइकला लागणारा ६.३५ मिलिमीटरचा जॅक मूळचा एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला. त्याच्या पितळेवर सहसा निकेलचा मुलामा असतो. मुलामा झिजला की उघड्या पितळेवर ऑक्साइडचा थर चढतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हिरवट गंजही लवकर धरतो. हा थर विजेला नीट वाट देत नाही. माइकचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा, म्हणून बिघाड तिथे आधी ऐकू येतो.

सफाईआधी केबल उपकरणातून काढून घ्यावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने जॅक पुसावा. पहिला बोळा काळपट निघतो. तो स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे. सॉकेटमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारून जॅक आठ-दहा वेळा आतबाहेर करावा. घासल्याने थर सुटतो. पॉलिश पेपरला मात्र हात लावू नये. त्याने जॅक क्षणात चकाकतो, पण उरलासुरला मुलामाही जातो आणि गंज पुन्हा झपाट्याने चढतो. सोन्याचा मुलामा तर अनेकदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो.

तरीही आवाज तुटत असेल तर जॅकचे टोपण फिरवून आतला डाख पाहावा. तो तडकलेला असल्यास जुने सोल्डर काढून, तार साफ करून नवा डाख द्यावा. टोपण लावण्याआधी मल्टिमीटरने तपासावे: टोकापासून टोकापर्यंत जोड मिळायला हवा, मधली तार आणि बाहेरची जाळी मात्र एकमेकींना भिडता कामा नयेत.