तू ये, की मी येऊ?

यंदाच्या आषाढात मी अकलूजला गेले होते. तुकोबांची पालखी सराटीला नीरेत स्नान करून अकलूजला येते, तिथे गोल रिंगण होते, ते पाहायचे हे निमित्त. खरे कारण म्हणजे माझ्या बालमैत्रिणीचा फोन. "ये बाई एकदा. लेकीनं घोळ घातलाय. आमचं ऐकत नाही, तुझं ऐकेल कदाचित," एवढे बोलून तिने फोन ठेवला होता.

घोळ म्हणजे लग्न. मुलगी पुण्याला फिजिओथेरपिस्ट आहे. चाकणच्या एका कारखान्यात कामाला आलेल्या जर्मन इंजिनियरशी तिचे जमले. मुलगा निर्व्यसनी, अबोल, वरणभात आवडीने खाणारा. त्याची इथली मुदत संपत आली आहे. लग्नाला तशी कोणाचीच हरकत उरलेली नाही. मैत्रिणीने चार दिवस डोळे पुसले आणि पाचव्या दिवशी त्याची पत्रिका मागितली! प्रश्न पुढचाच आहे: राहायचे कुठे? त्याच्या आईवडिलांच्या लहानशा गावी, की इकडे? मुलगी एकुलती एक. वडील जाऊन चार वर्षे झाली. घरी आई आणि थोडा ऊस.

रिंगणाचा अश्व धावून गेला, टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली, आणि आम्ही घरी येऊन चहाला बसलो. तेव्हा मैत्रीण एकदम म्हणाली, "मी नातेपुत्याहून इथं आले, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का, तुला अकलूज झेपेल का म्हणून? बायकांनी जायचंच असतं."

लेकीने शांतपणे उत्तर दिले, "आई, तुला नातेपुत्याला परत जायला यष्टी होती."

या एका वाक्यावर मी नंतर बरेच दिवस विचार करीत राहिले. आपल्याकडे प्रत्येक मुलगी लग्न करून जोडीदाराच्या मुलखात जातच असते. भाषेचा हेल बदलतो, आमटीची चव बदलते, कुलदैवत बदलते. म्हणून परदेशी सासर म्हणजे तेच थोडे लांब, असे आपण समजतो. पण दिवाळीला चार दिवस माहेरी येता येणे, आणि वेळ आलीच तर पिशवी उचलून रात्रीच्या गाडीने निघता येणे, या दोन गोष्टींवर आपल्या सासुरवासाचा निम्मा भार तोललेला असतो, हे आपण विसरतो. परदेशात ती गाडी कागदपत्रांवर चालते.

मी मुलीला म्हटले, "इकडून तिकडे गेलेल्यांच्या गोष्टी तुला मैत्रिणी सांगतीलच. मी तुला तिकडून इकडे आलेल्यांच्या सांगते. त्याही इथून दोन तासांच्या वाटेवरच्या."

अकलूजहून माळशिरस, नातेपुते करीत गेले की फलटण येते. फलटणचे निंबकर हे नाव शेतीतल्या माणसांना माहीत असते. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली तिथे शेती संशोधनाची संस्था काढली. त्यांची आई अमेरिकन होती. एलिझाबेथ लुंडी हे तिचे माहेरचे नाव. न्यू जर्सीतल्या क्वेकर पंथाच्या घराण्यात 1900 साली ती जन्मली, विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी 1930 साली तिने लग्न केले आणि ती कमला निंबकर झाली.

ज्या काळात तिने हे केले, तेव्हाचा अमेरिकन कायदा आज वाचला तर अंगावर काटा येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवले होते की, हिंदी माणूस अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र आहे. आणि 1922च्या केबल कायद्यात अशी मेख होती की, अशा अपात्र पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचेच नागरिकत्व जाईल! ही अट काढली गेली 1931 साली. म्हणजे 1930 मध्ये हिंदी माणसाच्या गळ्यात माळ घालणे हे नुसते सातासमुद्रापार जाणे नव्हते. मागचा दरवाजा बंद होण्याची तयारी ठेवून जाणे होते.

पण कमलाबाईंची गोष्ट मला आवडते ती या त्यागासाठी नव्हे. त्यागाच्या गोष्टी आपल्याकडे फार झाल्या. मला आवडते ते पुढचे. अपघाताने किंवा दुखण्याने अधू झालेल्या माणसाला पुन्हा आपल्या हाताने जेवता यावे, काम करता यावे, यासाठी जे शास्त्र आहे, ऑक्युपेशनल थेरपी, ते त्या अमेरिकेत जाऊन शिकल्या. आणि 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे विद्यालय त्यांनी सुरू केले. आशियातले ते पहिले. नवऱ्याचा देश त्यांना लग्नाने मिळाला होता. त्या देशातली आपली जागा मात्र त्यांनी स्वतःच्या कामाने मिळवली. 1979 साली त्या वारल्या.

माझ्या मैत्रिणीची मुलगी इथे चमकून म्हणाली, "मावशी, आमच्या कॉलेजात शेजारच्याच वर्गात ऑक्युपेशनल थेरपी शिकवायचे. हे कुणी सुरू केलं ते कधी कानावर आलं नाही." असो.

दुसरी गोष्ट कासेगावची. सांगली जिल्ह्यातले वाळवा तालुक्यातले हे गाव. 1941 साली मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट या गावच्या सूनबाई झाल्या. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्या लग्न करून महाराष्ट्रात आल्या नाहीत. आधी महाराष्ट्रात आल्या, मग लग्न केले. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलेच्या विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. त्या कामासाठी गावे पालथी घातली, जुने कागद धुंडाळले, मराठी शिकल्या. 1973 साली पदवी मिळाली आणि भारत पाटणकरांशी लग्न झाले ते 1976 साली. म्हणजे मांडवात उभ्या राहिल्या तेव्हा नवऱ्याच्या मुलखाचा इतिहास त्यांना पुष्कळ नवऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असावा!

सासूबाई इंदुताई पाटणकर या स्वातंत्र्यलढ्यात वावरलेल्या. अशा घरात सून म्हणून नांदायचे म्हणजे चुलीपाशी बसायचे नव्हते, हे उघडच आहे. सासू-सून दोघी स्त्रीमुक्तीच्या चळवळीत होत्या, आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न सांगली जिल्ह्यात ज्यांनी हाती घेतला त्यांत त्या होत्या. 1983 साली गेल ऑम्व्हेट यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. भारताचा कायदा दोन देशांचे नागरिकत्व ठेवू देत नाही, त्यामुळे हा निर्णय पासपोर्टाचे नुसते वेष्टन बदलण्याइतका सोपा नसतो. 25 ऑगस्ट 2021 रोजी कासेगावातच त्या गेल्या. त्यांची मुलगी मात्र अमेरिकेत राहते. आई ज्या देशातून निघाली तिथे लेक पोचली. पाणी असे फिरून वाहते.

मैत्रिणीने मधेच विचारले, "आणि पुरुष? ते कधी बायकोच्या गावी जातात का?"

जातात, क्वचित. पुन्हा फलटणचेच उदाहरण आहे. लखनौचे अनिल राजवंशी अमेरिकेत फ्लोरिडात शिकले, बायको निंबकरांची लेक नंदिनी. 1981 साली अमेरिका सोडून दोघे आले ते लखनौला नव्हे, फलटणला. लखनौच्या माणसाला फलटण म्हणजे भाषेच्या दृष्टीने परदेशच की! इंजिनियर माणूस; सायकलरिक्षा, कंदील, गावाकडच्या चुली यांवर त्यांनी तिथे संशोधन केले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे बायकोच्या गावी राहणाऱ्याला घरजावई म्हणून हसतात. कामाचा माणूस हसू देतो आणि काम करतो.

नागपूरच्या खानखोज्यांची गोष्ट मात्र जरा निराळी आहे, आणि ती मी मुद्दाम सांगितली. क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे तरुणपणी देश सोडून गेले, अनेक देश फिरून मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवले. तिथे 1936 साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले, दोन मुली झाल्या. 1955 साली कुटुंब नागपूरला आले. विचार करा, बेल्जियमची बाई, संसार मेक्सिकोत मांडलेला, आणि तो उचलून नवऱ्याच्या देशात; पण तो देश नवऱ्याने सोडला त्याला जवळजवळ अर्धशतक होऊन गेलेले! आठवणीतला गाव आणि स्टेशनवर उतरल्यावर दिसणारा गाव एक नसतात. "आमच्याकडे असं असतं" म्हणून नवरा जे सांगतो, ते कधीकाळी असायचे, असा अर्थ पुष्कळदा निघतो. तुझ्या मुलाला विचार, आपल्या गावी तो शेवटचा सलग वर्षभर कधी राहिला होता.

मुलीने हे वहीत लिहून घेतले. तिच्या वहीत आधीच बरेच काही होते, आणि ते पाहून माझी मोठी माणसाची ऐट थोडी उतरली. जोडीदाराबरोबर राहण्यासाठी जर्मनीला जायचे तर साधारणपणे आधी जर्मन भाषेची पहिली पायरी, ए-वन परीक्षा, द्यावी लागते. ती तिने पुण्यात दिलीही होती. तिथे गेल्यावर नोकरीला बंदी नाही. अमेरिकेत हेच वेगळे आहे: नोकरदार नवऱ्याच्या मागे एच-फोर व्हिसावर गेलेल्या आपल्या किती डॉक्टर, इंजिनियर मुली स्वयंपाकघरात अडकल्या; 2015 पासून त्यांतल्या काहींनाच, अटींवर, कामाची परवानगी मिळू लागली. जर्मनीत अडचण दुसरी. फिजिओथेरपीची इथली पदवी तिथे मान्य करून घ्यावी लागते आणि भाषाही वरची, बी-टू पायरीची, लागते. ए-वनच्या जोरावर भाजी आणता येईल, रोग्याला "कुठं दुखतंय, कसं दुखतंय" विचारता येणार नाही.

आणखी दोन ओळी तिने लाल शाईने लिहिल्या होत्या. पहिली: लग्न मोडले तर तिथे स्वतःच्या हक्काने राहण्यासाठी साधारणतः तीन वर्षांचा एकत्र संसार त्या देशात झालेला असावा लागतो, छळासारख्या प्रसंगी सवलत आहे. दुसरी मुलांविषयी. मुलांच्या आंतरराष्ट्रीय पळवापळवीबद्दल 1980 सालचा हेग करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. म्हणजे उद्या काही बिनसले, तर मुलाला घेऊन माहेरी येणे ही आपल्याकडची जुनी, साधी वाट तिथे सरळ कोर्टात जाते. मैत्रिणीला हे ऐकवेना. "अजून हळद लागली नाही, आणि मोडायचं कसलं बोलता गं!" म्हणून ती आत गेली. तिची तगमग मला कळत होती. पण वही मिटून ठेवा, असे मला सांगवेना.

मग उसाचा विषय निघाला. परदेशात कायम राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. हे ऐकून मैत्रीण बाहेर आली. "म्हणजे माझ्या माघारी जमीन हिचीच ना?" हिचीच. एवढ्यानेच तिचा चेहरा सैल झाला. मला वाटते, लेक तिच्या लेखी जर्मनीला जात नव्हती, सातबाऱ्यावरून जात होती.

आणि तो इकडे आला तर? लग्न विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन करता येते. नोंदलेल्या लग्नाला दोन वर्षे झाली की परदेशी जोडीदाराला ओ. सी. आय. कार्डासाठी अर्ज करता येतो, तोवर व्हिसा. कार्ड मिळाले तरी मत देता येत नाही, शेत घेता येत नाही. मैत्रीण म्हणाली, "पण तो इथं करील काय? कारखान्यात लागंल?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. अकलूजच्या शेजारचे माळीनगर 1930च्या दशकात सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी उभे केले, स्वतःचा साखर कारखाना काढून. हा मुलूख बाहेरून आलेल्या माणसाला नवा नाही. पण ती माणसे ऊस पिकवायला आली होती. या मुलाला उसातले काय येते?

मी मुलीला सल्ला दिला नाही. एवढेच म्हटले की, तू तिथे तीन महिने राहून ये, पाहुणी म्हणून नव्हे. थंडीत जा, उन्हाळ्यात सगळेच देश गोड दिसतात. आणि त्यालाही इथे ठेव. पुण्यात नाही, अकलूजला, आईच्या घरी.

ती हसली. "मावशी, तो दिवाळीनंतर येणारच आहे. मी ए-वन दिली, तशी त्याचीही परीक्षा आहे."

परीक्षा अशी: त्याला ळ म्हणता येत नाही. आणि माळशिरस तालुक्यात ळ चुकवून जायचे म्हणजे कठीणच. तो रोज रात्री फोनवरून तीन नावे घोकतो: माळशिरस, माळीनगर, वेळापूर. परवा मैत्रिणीचा फोन आला. लग्नाचा निकाल अजून लागलेला नाही. "पहिली दोन अजून 'माल-माल'च करतोय," ती म्हणाली, "पण वेळापूर जमलं बघ मेल्याला."