सेकंदाला १६ कोटी, ग्रॅमला १५ लाख वर्षं

गोव्यातल्या पेडण्यात किंवा डिचोलीत गाय माजावर आली, रेतन झालं, की मालक तीन आठवडे एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसतो: गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, की गाभण ठरते? पोटातला हिशेब मात्र पहिल्याच दिवशी सुरू झालेला असतो. गाय देशी श्वेत कपिला असो वा संकरित जर्सी, तिचं बीजांड साधारण ०.१२ मिलिमीटर व्यासाचं. घनफळाच्या हिशेबाने एका मिलिलिटरमध्ये अशी अकरा लाख मावतील.

नाळ जोडली जायला अजून अवकाश असतो. तोवर गर्भ बीजवाहिनीतल्या आणि पुढे गर्भाशयातल्या द्रवावर जगतो. त्या द्रवात ॲमिनो आम्लं असतात आणि त्यांत ग्लायसिन भरपूर. पेशीच्या आवरणातली वाहक प्रथिनं ही आम्लं आत ओढून घेतात. काहींपासून नवी प्रथिनं बनतात, काही ऊर्जेसाठी जळतात. उंदराच्या भ्रूणात तर ग्लायसिन साठवून पेशी आपलं पाणी आणि आकारमान सांभाळते.

हे सेवन शास्त्रज्ञ पिकोमोलमध्ये मोजतात. ग्रॅम सोडाच, मिलिग्रॅमही इथे अवाढव्य ठरतो. एका भ्रूणाने तासाला एक पिकोमोल ग्लायसिन घेतलं असं धरू. एक पिकोमोल म्हणजे ६०,००० कोटींहून जास्त रेणू. तासाला ३,६०० सेकंद, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १६ कोटी ७२ लाख रेणू आत! २०११च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या होती ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५. या दोन्ही तालुक्यांत ते रेणू वाटले तर माणशी ९६० येतील, तेही प्रत्येक सेकंदाला. अख्ख्या गोव्याच्या १४,५८,५४५ लोकांना पुरूनही माणशी शंभरावर उरतील.

आता वजन करू. एक पिकोमोल ग्लायसिन भरतं ग्रॅमच्या एक लाख कोटी भागांपैकी फक्त ७५ भाग, म्हणजे ७५ पिकोग्रॅम. या वेगाने एक ग्रॅम संपवायला त्या भ्रूणाला १५ लाख वर्षं लागतील. गाईचा गर्भकाळ जेमतेम २८० दिवसांचा. उलट बाजूने पाहिलं, तर पहिल्या आठवड्यापुरतं एक ग्रॅम ग्लायसिन सुमारे आठ कोटी भ्रूणांना पुरेल.

म्हणजे टंचाई मालाची नसतेच. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे हेन्री लीस यांनी २००२मध्ये ‘शांत भ्रूणा’ची कल्पना मांडली: जे भ्रूण तगतात, त्यांचा चयापचय बहुधा संथ असतो. जास्त खाणारा भ्रूण अनेकदा आतली मोडतोड दुरुस्त करण्यात गुंतलेला असतो. प्रयोगशाळेत भ्रूणाभोवतीच्या द्रवाच्या थेंबात कुठलं आम्ल घटलं आणि कुठलं वाढलं हे पाहून, भ्रूणाला हात न लावता त्याची तब्येत ओळखण्याचे प्रयत्न यातूनच झाले.

सातव्या दिवशी गाईचा भ्रूण असतो शंभर-दीडशे पेशींचा. सोळाव्या दिवसापर्यंत तो कित्येक सेंटिमीटर लांब धागा होतो, लांबी शेकडो पट! याच काळात तो ‘मी आहे’ असा रासायनिक निरोप गाईला देतो. तो पोचला नाही तर गाय पुन्हा माजावर येते.

म्हणून गोठ्यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी. गाभण राहावी म्हणून गाईपुढे पेंडीची रास ओतली तर भ्रूणाला जास्त ॲमिनो आम्लं मिळतात असं नाही. जादा प्रथिनांपासून कोठीपोटात अमोनिया बनतो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि तो गर्भाशयातलं वातावरण बिघडवतो. दुधातला युरिया नायट्रोजन डेसिलिटरला १९ मिलिग्रॅमच्या वर गेला की गर्भधारणेचं प्रमाण घसरतं, असं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या १९९६च्या अभ्यासात दिसलं. गाय वारंवार उलटत असेल, तर पेंड वाढवण्याआधी पशुवैद्यांकडून चाऱ्याचा आणि खुराकाचा मेळ तपासून घ्या.