वळवणची खडशी आणि बोटुकल्यांचा हिशेब

लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवरचं मत्स्यबीज केंद्र १९७०च्या दशकापासून महसीरची, म्हणजे आपल्या खडशीची, पैदास करतं आहे. धरणं, सुरुंगांची मासेमारी आणि सांडपाणी यांनी हा मासा घटत चालला होता. पावसाळ्यात ओढ्यात चढून गारगोट्यांवर अंडी घालायचं त्याचं काम डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी ट्रेमध्ये करून दाखवलं. भरलेल्या मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच फिरवला की सोनेरी-पिवळी अंडी कोरड्या ट्रेमध्ये उतरतात. त्यांवर नराचं वीर्य टाकून पिसाने ढवळायचं, मग पाणी घालायचं. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि उजेड टाळत तळाच्या कोपऱ्यात दाटी करतात. अंडी ओल्या कापसातून लांब पाठवणंही इथे जमलं.

हे कौशल्य वादातीत आहे. वाद आहे तो हिशेबाचा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, नद्यांत किती सोडली हा आकडा मोठा होत गेला, तरी तो केंद्राची क्षमता सांगतो, नदीची प्रकृती नाही. खडशीचं वर्णन निसर्गअभ्यासक साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं. तिचं बीज कावेरीतही सोडलं गेलं. तिथे ती फोफावली आणि कावेरीचाच कुबडा महसीर गळाला लागेनासा झाला. त्या कुबड्याला 'टॉर रेमादेवी' ही ओळख २०१८ साली पटली, आणि त्यानंतरच तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. वाळूउपसा आणि बंधारेही दोषी आहेत, हे मान्य. पण नको त्या नदीत सोडलेलं बीज निरुपद्रवी होतं, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

केंद्र नसतं तर खडशीचं काय झालं असतं, असं कोणी विचारेल. रास्त प्रश्न आहे, आणि म्हणूनच केंद्र बंद करा असं इथे म्हणायचं नाही. हिशेब कसा ठेवता येतो, एवढंच पाहायचं आहे: अमेरिकेतल्या कूटने नदीकाठी तिथली आदिवासी जमात पांढऱ्या स्टर्जन माशाची पिल्लं वाढवते आणि खूण करून सोडते. त्यामुळे पुढे जाळ्यात आलेला मासा केंद्रातला की नदीतला, हे कळतं. त्या नोंदींतून एक कटू गोष्ट बाहेर आली: सोडलेले मासे जगतात, पण याच नदीवरच्या लिबी धरणाखाली नैसर्गिक पैदास जवळजवळ थांबली आहे, अंडी खडीऐवजी वाळूवर पडतात. साहजिकच तिथे धरणातून वसंतात पाणी सोडणं आणि नदीचा तळ सुधारणं हेही काम झालं. बोटुकल्यांच्या आकड्यावर थांबले असते, तर वाळूकडे कुणाचं लक्षच गेलं नसतं.

वळवणहून निघणाऱ्या प्रत्येक तुकडीमागे तेवढंच विचारावं: नदी खडशीचीच आहे का, तुकडीतली किती बोटुकली जगली, आणि त्यांची पुढची पिढी नदीतच जन्मली का?